बिनलेकीचा जावई

फार फार जुनी गोष्ट. डोंगरातल्या वाटांना अजून बैलगाडीचं चाक ठाऊक नव्हतं, आणि माणसं देवाला नवस बोलण्याआधी शेजारणीचा सल्ला घेत, तेव्हाची. लहानांनी ती हसण्यासाठी ऐकावी. मोठ्यांनी हसून झाल्यावर थोडं थांबावं.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाच्या रानाकडच्या टोकाला सगुणा नावाची कुंभारीण राहायची. वय पन्नाशीचं, नवरा जाऊन सहा-सात वर्षं झालेली, मूलबाळ नाही. नवऱ्यामागे चाक दिराच्या अंगणात गेलं. दीर चाकावरून जाडजूड मडकी उतरवून द्यायचा आणि सगुणा ती थापटून मोठी करायची. आतून दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीने मारत जायचं. थप थप, थप. थप थप, थप. हळूहळू मडक्याची भिंत पातळ होते, पोट गोल होतं, आणि मातीच्या बोजड गोळ्याचं पाणी थंड करणारं भांडं होतं. अख्ख्या पंचक्रोशीत सगुणासारखा हात कुणाचा नव्हता.

घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं. त्यामुळे दिवसभर तिची थापीच काय ती बोलायची आणि संध्याकाळी थापी खाली ठेवली की घर गप्प व्हायचं. ती गप्प वेळ सगुणाला नकोशी वाटे. पण ते ती कुणाला सांगत नसे.

त्या वर्षी दिवाळी सरली आणि एका दुपारी तिच्या घरात आंबेमोहर भाताचा वास सुटला.

वास असा की, आताच वाफ जिरली आहे आणि कुणीतरी वर तुपाची धार सोडणार आहे. चुलीवर तर काहीच नव्हतं. टोपलीत होती सकाळची नाचणीची भाकरी. सगुणा चक्रावून इकडेतिकडे बघत होती, तोच शेजारची ठकू दारात उभी राहिली. ठकूचं नाक गावात प्रसिद्ध होतं. कुणाच्या घरी काय शिजलं, हे ते घर जेवायला बसण्याआधी तिला कळायचं.

"सगुणे, आंबेमोहर चढवलायस व्हय?"

"कुटला आंबेमोहर? नाचणीची भाकरी हाय बग, सकाळची."

"माज्या नाकाला येडं समजू नगंस," ठकू म्हणाली आणि सरळ आत शिरली. तिने चुलीतली राख बघितली. कोपऱ्यातल्या उतरंडीचं एकेक मडकं उतरवून हुंगलं. काही सापडलं नाही, पण वास काही जाईना. ठकू फणकाऱ्याने निघून गेली आणि सगुणा एकटी दारं लावून आंबेमोहर खाते, ही बातमी दिवेलागणीपर्यंत गावभर झाली. पाणवठ्यावर बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. कुणी लपवून खाल्लं तर गाव एक वेळ माफ करतं, पण वास येऊ देऊन खाल्लं तर माफ करत नाही.

चौथ्या दिवशी ठकू दोन बायकांना साक्षीला घेऊन आली. या खेपेला तिने वर बघितलं. आढ्याच्या अंधारातून एक काळी, जाडसर दोरी लोंबत होती.

"ही बगा! शिंक्याला टांगून ठेवलाय भात!" असं म्हणून ठकूने दोरी खसकन ओढली.

ती दोरी नव्हती, शेपटी होती. शेपटीच्या वरच्या टोकाला जे होतं, ते ठकूच्या डोक्यावर येऊन पडलं, तिथून उतरंडीवर, तिथून खांबावर आणि पुन्हा आढ्यावर गेलं. दोन्ही साक्षीदार बाया अंगणात पोचल्या होत्या. ठकू मात्र जागच्या जागी उभी होती आणि तिच्या अंगाला जी दुर्गंधी सुटली होती ती आंबेमोहराची खासच नव्हती.

ते उदमांजर होतं. मुंगसासारखं तोंड, काळंभोर अंग आणि अंगाएवढीच शेपटी. फळं खाणारा, झाडाच्या ढोलीत नाहीतर घराच्या माळ्यावर दिवसभर झोपणारा, अंधार पडल्यावर हिंडणारा रानचा जीव. निवांत असलं की त्याच्या अंगाला भाताचा वास येतो, आणि भ्यालं की नाक दाबून पळावं असा. ठकूच्या नवऱ्याने तिला पुढले दोन दिवस ओसरीवरच जेवायला वाढलं.

सगुणा मात्र पोट धरून हसली. किती वर्षांनी हसली, ते तिलाच आठवेना.

त्या दिवसापासून तिने आढ्याकडे लक्ष ठेवलं. दिवे लागायच्या सुमारास, तिचं शेवटचं मडकं थापटून होता होता, उदमांजर खांबावरून डोकं खाली करून उतरायचं आणि तिच्याकडे टकमक बघायचं. एकदा तिने पिकलं केळं पुढे टाकलं. त्याने ते सालीसकट खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकलं. महिनाभरात ते हातातून केळं घेऊ लागलं, आणि घेताना एक पंजा तिच्या गुडघ्यावर ठेवू लागलं.

"दिसभर लोळतंय, जेवायच्या येळंला उतरतंय, आन् वाढायला उशीर झाला की तोंड फुगवतंय," सगुणा म्हणाली. "ह्यो तर जावईच माजा."

झालं. बिनलेकीच्या सगुणाला जावई मिळाला. पाणवठ्यावरच्या बायका पुन्हा बोलू लागल्या आणि पहिला प्रश्न एकच असायचा, "उठलं का जावईबापू?"

जावईबापूंच्या लीला काय सांगाव्यात! एकदा ते अर्धवट वाळलेल्या मडक्यात झोपले आणि सगळं मडकं एका बाजूला कलंडलं. एकदा मडक्यात डोकं घातलं ते निघेना, तेव्हा मडकं घालूनच अंगणात फेऱ्या मारल्या, आणि गावची कुत्री शेपूट घालून पळाली. ओल्या मडक्यांवर त्यांचे पंजे उठत. सगुणा ते पुसत नसे, तसंच भाजून काढी. मग बाजारात बायका म्हणू लागल्या की पंजावाल्या मडक्यातलं पाणी जास्त गार होतं. तसं काही नव्हतं, पण सगुणा नाही म्हणाली नाही.

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. सगुणा केळं वाटेल तेव्हा देत नसे. मडकं थापटून झालं की देई. थप थप, थप, आणि केळं. उदमांजराला माणसाची भाषा कळत नाही, पण एवढी गोष्ट त्याला पक्की कळली. आधी ते दिवेलागणीला उतरायचं. मग उन्हं कलल्यावर उतरू लागलं. पुढे पुढे भर दुपारी पहिली थाप पडली की डोळे मिचकावत, जांभया देत हजर व्हायचं. रात्रीचा जीव दिवसा हिंडू लागला. सगुणाला त्याचं कोण कौतुक! "माज्या थापंला ओ देतोय," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

एके दिवशी ठकूची मुलगी आणि जावई आले. खरा जावई, दोन पायांचा. ठकूने शिकरण केलं, पाटाभोवती रांगोळी घातली आणि गरम भाकरी वाढायची म्हणून परातीत भाकरी थापायला बसली. थप थप, थप. दोन भाकऱ्या झाल्या असतील, तोच ओसरीवरून एक काळी आकृती आली, जावयाच्या पाटाशेजारी बसली आणि तिने त्याच्या मांडीवर पंजा ठेवला. जावयाने ताट तसंच टाकलं आणि तो चुलीमागे गेला. आलेल्या पाहुण्याने शिकरण संपवलं, वाटी चाटली आणि तो आला तसा निघून गेला.

ठकू तरातरा भांडायला आली. "सगुणे, तुजा जावई माज्या जावयाच्या ताटात जेवला!"

"आगं, जावयाजावयांची पंगत झाली म्हनायची," सगुणा हसत म्हणाली.

"हसतीस काय? म्या भाकरी थापत व्हते. त्याला वाटलं तूच बोलावतीस."

ठकू रागाच्या भरात फार मोलाचं बोलली होती. पण हसणाऱ्या माणसाच्या कानात तेवढं शिरत नाही. सगुणा आणखीच हसली.

ऐकलं ते लखूबाबाने. लखूबाबा हा रानात मध काढणारा म्हातारा. मडकं घ्यायला म्हणून तो अंगणात आला होता. तो हसला नाही.

"सगुणे, किती दिस झालं ह्याला?"

"दिवाळीपासनं. आधी पानाचा आवाज झाला तरी पळायचा. आता बगा, कुनाच्याबी घरात जाऊन बसतोय. समदं भ्याव काढलं म्या त्याचं."

"भ्याव काढलंस," लखूबाबा म्हणाला. "त्या जागी काय दिलंस? केळं?"

सगुणाला राग आला. मुक्या जिवाला माया लावली, त्यात काय चुकलं? तिने बाबाला मडकं दिलं आणि पाणीसुद्धा विचारलं नाही.

दिवस गेले आणि शिमगा आला. त्या गावाची एक जुनी रीत होती. शिमग्यानंतर पाचव्या दिवशी गाव पारधीला निघे. रानाच्या एका अंगाला ओढ्याकाठी जाळी लावायची, दुसऱ्या अंगाने हाकारे ओरडत, थापा मारत यायचे. आवाजाला भिऊन ससे, भेकरं, डुकरं पळत सुटायची आणि जाळ्यांत अडकायची. आता या हाकाऱ्यांच्या हातात ढोल नसत. असत ती रुंद तोंडाची मडकी. मडकं पोटाशी धरायचं आणि त्याच्या तोंडावर चामड्याच्या पट्टीने थाप मारायची. अशी चाळीस मडकी दरसाल कुंभाराच्या घरून जात. तो त्या घराचा मान होता. सगुणाच्या आजेसासूने मडकी दिली होती, सासूने दिली होती, आणि आता सगुणा देत होती. त्याबद्दल संध्याकाळी शिकारीचा एक वाटा तिच्या दारी येई.

या पारधीत आजवर कधी उदमांजर सापडलं नव्हतं. त्याचं कारण साधं होतं. थापा ऐकल्या की उदमांजर जमिनीवरून धावत नाही, उंच झाडाच्या ढोलीत जाऊन बसतं. जाळं असतं खाली आणि ते असतं वर.

पारधीच्या आदल्या दुपारी गावचा म्होरक्या धोंडनाईक पाच-सहा गडी घेऊन मडकी न्यायला आला. माणूस दांडगा, पण बोलायला सरळ. त्याने एक मडकं उचललं, पोटाशी धरलं आणि आवाज बघायला तीन थापा मारल्या.

थप थप, थप.

आढ्यावर खसफस झाली. भर उन्हात जावईबापू खांबावरून उतरले, पाच-सहा परक्या गड्यांच्या पायांमधून वाट काढत धोंडनाईकापुढे आले, आणि दोन पायांवर उभे राहून त्यांनी त्याच्या गुडघ्यावर पंजा ठेवला.

गडी खो खो हसू लागले. "नाईक, ह्याला जाळं कशाला लागतंय? नुसतं पोतं उघडून धरलं तरी आत यील!"

सगुणाही हसायला लागली होती. अर्ध्यातच तिचं हसू थांबलं. उद्या रानात अशी चाळीस मडकी वाजणार होती. तिने थापटलेली, तिच्याच हातच्या आवाजाची. सगळं रान त्या आवाजापासून दूर पळणार होतं आणि एकटा तिचा जावई त्या आवाजाकडे धावणार होता. भाले, कुऱ्हाडी आणि सोडलेली कुत्री जिथे होती तिथे. ठकू काय बोलली होती ते तिला आता ऐकू आलं.

"नाईक," ती म्हणाली, "ह्याला तेवडा सोडा."

धोंडनाईकाने डोकं खाजवलं. "काकी, तुमच्या घरात हाय तवर त्यो तुमचा पाव्हना. रानात आला की गावाचा. ह्यो नेम माजा न्हाई, आज्याच्या आज्याचा हाय. उद्याच्याला कोंडून ठेवा, झालं."

गडी मडकी घेऊन गेले. सगुणा तशीच लखूबाबाच्या झोपडीवर गेली. मागे त्याला पाणीही विचारलं नव्हतं, याची तिला लाज वाटत होती. बाबाने मात्र तिला आधी गूळपाणी दिलं आणि मग ऐकून घेतलं.

"कोंडलास तर उद्याचा दिस निभंल. वर्साचं बाकीचं दिस?"

"मग काय करू म्या?"

"ज्यानं भ्याव काढलं त्यानंच परत द्यायचं असतं, पोरी. दुसऱ्या कुनाला जमत न्हाई. आन् नुसतं हाडहुड करून भागायचं न्हाई. तुज्या थापंलाच भ्याला पायजे."

सगुणाला बाबाचं म्हणणं कळलं. इतकं नीट कळलं की, न कळल्यासारखं करून ती उठली.

घरी येऊन तिने करून बघितलं नाही, असं म्हणता येणार नाही. तिने डोळे वटारले, तर जावई जवळ येऊन निरखू लागला. अंगावर पाणी फेकलं, तर त्याने ते चाटलं. झाडू उगारून आपटला, तर तो त्या झाडूवरच अंग मुरडून पडला. शेवटी तिने थापी उचलली. त्याने थापी हुंगली आणि तिच्यावरची माती चाटायला लागला. घरभर आंबेमोहराचा वास दरवळत होता. सगुणाचा हात खाली आला. उद्याचा दिवस टळू दे, मग बघू, असं तिने स्वतःला सांगितलं. आपण सगळेच सांगतो तसं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने जावयाला कोंबड्यांच्या डालग्याखाली कोंडलं आणि वर पाटा ठेवला. आत चार केळी टाकली. मग डालग्याला पाठ टेकून ती मडकं थापटत बसली. रानातला आवाज त्याच्या कानावर पडू नये म्हणून ती जोरजोरात थापटत होती.

सूर्य हातभर वर आला आणि डोंगरावर हाकारा उठला. चाळीस मडकी एकदम घुमू लागली.

डालग्यात हालचाल सुरू झाली. एका थापेला एक केळं, तर चाळीस थापांना किती? असा हिशेब उदमांजर करत असेल की नाही, देव जाणे. पण ते वेडंपिसं झालं. सगुणा थापटत होती, "आरं, हितं हाय म्या, हितं," म्हणत होती, पण एकटीची थाप ती केवढी! कडाकड बांबूच्या काड्या तुटल्या, डालग्याला भगदाड पडलं आणि जावई कुंपण ओलांडून डोंगराच्या दिशेने पळाला.

सगुणा धावली. हातात थापी होती ती तशीच होती. पायात काही नव्हतं. करवंदीच्या जाळीत लुगडं फाटलं, ठेच लागून अंगठा फुटला. समोरून ससे उड्या मारत खाली पळत होते, एक भेकर तिच्या अंगावरून गेलं. साऱ्या रानात दोघंच जण उलट दिशेला धावत होते, एक उदमांजर आणि त्याच्यामागे ती.

वर पठारावर ती पोचली तेव्हा हाकाऱ्यांची रांग थांबली होती. जावई एका गड्यापुढे उभा राहून पंजा पुढे करत होता, तिथे काही मिळालं नाही की पुढच्याकडे जात होता. कुत्री साखळ्यांना आवरत नव्हती. एका गड्याने कुऱ्हाड वर उचलली होती.

"थांब रं!" धोंडनाईक ओरडला. त्याने सगुणाला धापा टाकत येताना बघितलं होतं. रक्ताळलेला पाय, फाटलेलं लुगडं. सरळ माणूस होता, त्याचं मन द्रवलं. "उचला काकी तुमचा जावई. नेमाला येक डाव बाजूला ठिवतो. जा घिऊन."

जावयाने सगुणाला ओळखलं. उड्या मारतच तो तिच्याकडे आला आणि त्याने तिच्या गुडघ्यावर पंजा ठेवला. एवढ्या माणसांत, एवढ्या कुत्र्यांत, त्याच्या अंगाला तोच निवांत आंबेमोहराचा वास येत होता.

सगुणा वाकली. उचललं की झालं. खांद्यावर घेतला की घर. उद्या पुन्हा थाप, पुन्हा केळं, पुन्हा गुडघ्यावर पंजा. तिला ते इतकं हवं होतं की तिचे हात पुढे झालेही होते.

पण आठ दिवसांनी डोंगरापलीकडच्या गावाची पारध होती. त्याच्या पलीकडे आणखी गावं होती. कुठे हलगी वाजणार होती, कुठे भाकरी थापली जाणार होती. सगळीकडे धोंडनाईक नसणार आणि सगळीकडे सगुणा धावत पोचणार नाही. आपण या जिवाला काय केलं, ते तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. जगातल्या प्रत्येक थापेमागे सगुणाच आहे, असं तिने त्याला शिकवलं होतं.

तिने शेजारच्या गड्याच्या हातातलं मडकं ओढून घेतलं आणि त्यावर थापीने तीन थापा मारल्या. अगदी घरच्यासारख्या. थप थप, थप.

जावई आनंदाने दोन पायांवर उभा राहिला.

सगुणाने थापी त्याच्या पाठीवर मारली.

तो कोलमडला. उठला आणि तिच्याकडे बघत राहिला. पळाला नाही. काहीतरी चुकलं असेल असंच त्याला वाटलं, कारण तो पुन्हा जवळ आला. सगुणाच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी तिने पुन्हा तीन थापा दिल्या आणि पुन्हा मारलं. या वेळी जोरात. त्याच्या तोंडून एक बारीक चिरका आवाज निघाला. आंबेमोहराचा वास गेला आणि ती घाण, उग्र दुर्गंधी पठारभर पसरली. तिने तिसऱ्यांदा मडक्यावर थाप मारली.

पहिल्याच थापेला तो पळाला. समोरच्या जांभळीवर सरसर चढला, तिथून पलीकडच्या झाडावर, तिथून आणखी पलीकडे. मग फांद्या हलायच्या थांबल्या.

कुणी हसलं नाही. धोंडनाईक हळूच म्हणाला, "काकी, म्या सोडला व्हता की त्याला."

"तू सोडलास रं बाबा. पलीकडच्या गावचा सोडंल का?"

एवढं बोलून ती खाली बसली आणि थापी मांडीवर घेऊन मोठमोठ्याने रडली. नवरा गेला तेव्हाही गावाने तिला असं रडताना बघितलं नव्हतं.

संध्याकाळी शिकारीचा वाटा तिच्या दारी आला. पहिल्यांदाच तिने तो परत पाठवला. मडक्यांचा मानही तिने दिराच्या घरी सोपवला. "माज्या हातचा आवाज आता पारधीला नगं," एवढंच ती म्हणाली.

जावई पुन्हा आला नाही. सगुणा दारात बसून थापटू लागली की रानाच्या कडेला कधीमधी फांदी हले आणि काहीतरी झाडांवरून आत, दूर निघून जाई. ते जाणं ऐकायला ती रोज नेमाने थापटत असे. तो भितो आहे म्हणजे तो आहे, एवढं तिला त्यातून कळायचं. पहिल्या वर्षी तिला ते ऐकताना रडू यायचं. मग यायचं थांबलं.

पावसाळ्याच्या तोंडाशी तिने अंगणातल्या केळीचे खुंट काढले आणि घरापासून लांब, रानातल्या ओढ्याकाठी नेऊन लावले. पाणी घालायला ती भर दुपारी जाई, रानचे जीव झोपलेले असतात तेव्हा. हाक मारत नसे, थांबत नसे. घड पिकले की कधी अर्धे खाल्लेले असत, कधी पुरे. कुणी खाल्ले ते तिने विचारलं नाही.

दोन वर्षांनी ठकू तिच्यासोबत ओढ्यावर गेली होती. केळीपाशी येताच ठकू थबकली. तिचं नाक वर झालं.

"सगुणे, आंबेमोहर शिजतोय गं कुटंतरी!"

सगुणाने वर बघितलं नाही. घागर भरली, डोक्यावरच्या चुंबळीवर चढवली आणि ती वाटेला लागली.

"शिजू दे," ती म्हणाली. "चल लवकर. आपल्या आवाजानं उठंल त्यो."

म्हणून, लहानांनो आणि मोठ्यांनो, रानातल्या जिवावर माया जरूर करावी, पण त्याची भीती काढून घेऊ नये, कारण आपण जवळ नसतो तेव्हा तीच त्याला सांभाळते.